इंच नव्हे, आधी पॅनेल विचारा
संगणकाचा मॉनिटर निवडताना ग्राहक नेमके काय विसरतो?

खास प्रतिनिधी

कोडोली (जि. कोल्हापूर) : लग्नसराई ओसरू लागली की येथील छायाचित्रकारांच्या दुकानांत अल्बमची घाई सुरू होते. अशाच एका हंगामात एका स्टुडिओचालक मित्राने हळदीच्या कार्यक्रमाची छायाचित्रे संगणकावर सजवली. पडद्यावर ती काहीशी फिकी, धुतल्यासारखी वाटत होती, म्हणून त्याने रंग गडद केले आणि उजेड थोडा उतरवला. अल्बम छापून आला तेव्हा नवरीचा चेहरा काळवंडलेला होता आणि हळद विटकरी झाली होती. मुलीचे वडील काही बोलले नाहीत. अल्बम मिटून त्यांनी टेबलावर ठेवला, एवढेच. मित्राला तो पदरमोड करून पुन्हा छापून द्यावा लागला.

दोष आधी छपाईला दिला गेला, मग कागदाला, मग कॅमेऱ्याला. खरा दोषी मात्र समोरच बसला होता. मॉनिटर टेबलावर खाली ठेवलेला आणि मित्र उंच स्टुलावर. त्याच छायाचित्राकडे खाली वाकून, पडद्याच्या बरोबर समोरून पाहिले तेव्हा हळद हळदीसारखी दिसली. सरळ उभे राहताच ती पुन्हा फिकी पडली. चित्र तेच होते. बदलत होता तो पाहण्याचा कोन. मॉनिटर घेताना मित्राने दोनच प्रश्न विचारले होते : किती इंची आणि केवढ्याला? ‘यात पॅनेल कोणते?’ हा तिसरा प्रश्न विचारायचा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सवय जुन्या नळीची

हा प्रश्न आपल्याला का सुचत नाही, याचे उत्तर या परिसराच्या संगणक-इतिहासातच सापडते. कोडोलीला लागूनच वारणानगर आहे. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकारातून १९९८ मध्ये येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाचा प्रारंभ झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणेची सहकारी चळवळ यांच्या सहभागातून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे जोडण्याची ती कल्पना होती. उसाच्या वजनापासून बिलापर्यंतची माहिती शेतकऱ्याला गावातच संगणकावर मिळावी, हा त्यामागील हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशावर हीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. परंतु या भागातील अनेकांनी आयुष्यातील पहिला संगणक पाहिला तो त्या काळात, आणि त्याचा मॉनिटर होता जाडजूड, मागे फुगलेला, पिक्चर ट्यूबचा.

त्या मॉनिटरचे वजन, त्याची उष्णता आणि वीजखर्च यांबद्दल कितीही तक्रारी असोत, एक गुण त्याच्या अंगी होता. नळीच्या काचेला आतून लावलेला लेप इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने स्वतःच प्रकाशत असे. त्यामुळे समोरून पाहा, बाजूने पाहा किंवा उभे राहून पाहा, रंग जवळपास सारखाच दिसे. एका मॉनिटरच्या भोवती पाच जण कोंडाळे करून उभे राहिले तरी पाचांनाही एकच आकडा आणि एकच रंग दिसत असे. म्हणून ग्राहकाने १४ इंची की १७ इंची एवढेच विचारणे पुरेसे होते.

सपाट पडदे आले, नळी इतिहासजमा झाली. सवय मात्र मागे राहिली. आज एकाच आकाराचे, बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन मॉनिटर आतून पूर्णतः वेगळे असू शकतात. हा फरक ज्यामुळे पडतो, त्याचे नाव पॅनेल.

गाजरापासून पडद्यापर्यंत

आजच्या बहुसंख्य मॉनिटरांच्या मुळाशी द्रव स्फटिक नावाचा विलक्षण पदार्थ आहे. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रेडरिश रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करीत होता. त्यापासून बनवलेले एक संयुग दोनदा वितळते, असे त्याला आढळले. एका तापमानाला ते गढूळ द्रव होई आणि आणखी तापवले की स्वच्छ. मधल्या गढूळ अवस्थेत ते द्रवासारखे वाहत होते. पण त्याच्या रेणूंत स्फटिकासारखी शिस्तही होती. या शाखेत भारताचेही मोलाचे योगदान आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधून काढले. मॉनिटरमध्ये वापरले जातात ते प्रामुख्याने काडीच्या आकाराचे.

पडद्याची रचना समजून घ्यायची तर खिडकीच्या झडपांचा विचार करावा. मागे सतत पेटलेला दिवा असतो. त्याच्यासमोर दोन काचा आणि त्यांच्यामध्ये द्रव स्फटिकाचा केसापेक्षाही पातळ थर. या काचांना प्रकाशाची दिशा गाळून घेणारे विशिष्ट पापुद्रे चिकटवलेले असतात. विजेचा सूक्ष्म दाब दिला की मधले रेणू वळतात आणि झडप उघडावी किंवा मिटावी तसा प्रकाश कमी-जास्त होतो. अशा प्रत्येक झडपेवर तांबडा, हिरवा किंवा निळा रंगगाळक असतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या सर्वसाधारण पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला अशा तीन झडपा.

ही झडप कोणत्या पद्धतीने वळते, यावरून पॅनेलचा प्रकार ठरतो.

‘एलईडी’ हा प्रकार नव्हे

येथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. दुकानात ‘एलसीडी नको, एलईडी दाखवा’ असे सर्रास म्हटले जाते. एलईडी हा मागच्या दिव्याचा प्रकार आहे, पॅनेलचा नव्हे. पूर्वी पडद्यामागे पाऱ्याचा अंश असलेल्या बारीक ट्यूब असत. त्यांची जागा एलईडीने घेतली, वीज वाचली आणि पडदा सडपातळ झाला. समोरचा द्रव स्फटिकाचा थर तोच राहिला. म्हणजेच खोक्यावर ‘एलईडी मॉनिटर’ असे लिहिलेले असते, तेव्हा आतले पॅनेल टीएन, व्हीए किंवा आयपीएस यांपैकी कोणतेही असू शकते. निव्वळ ‘एलईडी आहे’ या उत्तरावर समाधान मानणे म्हणजे घराला ट्यूबलाईट आहे एवढे ऐकून घर घेण्यासारखे आहे.

टीएन : स्वस्त आणि चपळ, पण एककल्ली

टीएन म्हणजे ‘ट्विस्टेड नेमॅटिक’. स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी १९७० मध्ये ही पद्धत विकसित केली. यात रेणूंची रचना जिन्याच्या वळणासारखी पिळलेली असते आणि विजेने हा पीळ सुटतो. मनगटी घड्याळे आणि गणकयंत्रे यांच्या आकड्यांपासून संगणकापर्यंत याच पद्धतीने मजल मारली. बनवण्यास स्वस्त आणि हालचालीला चपळ, हे तिचे गुण.

दोष असा की पीळ सुटताना रेणू काचेपासून तिरके उभे राहतात. त्यामुळे समोरून एक आणि वरून-खालून दुसरेच चित्र दिसते. वरून पाहिले तर रंग धुतल्यासारखे होतात. खालून पाहिले तर गडद होऊन काही वेळा काळ्याचे पांढरेही दिसू लागते. मित्राच्या अल्बमचा घात येथेच झाला. शिवाय स्वस्त टीएन पॅनेलांत बहुधा प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटाच खऱ्या असतात. मधल्या छटा बिंदू वेगाने लुकलुकवून भासवल्या जातात. आकाशाच्या निळाईत किंवा भिंतीवरच्या सावलीत पट्टे दिसतात, त्याचे हे एक कारण.

व्हीए : काळोख खरा

व्हीए म्हणजे ‘व्हर्टिकल अलाइनमेंट’. जपानच्या फुजित्सू कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत पुढे आणली. यात वीज नसताना रेणू काचेला काटकोनात उभे असतात आणि प्रकाश जवळपास पूर्ण अडतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या बिंदूच्या प्रकाशाचे गुणोत्तर, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, ते टीएन किंवा साध्या आयपीएसमध्ये साधारणतः १००० ला १ असते; व्हीएमध्ये ते ३००० ला १ किंवा त्याहूनही अधिक असते. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याला हा फरक पहिल्याच दृश्यात जाणवतो.

उणिवा दोन. बाजूने पाहिल्यास सावलीतल्या छटा आणि चेहऱ्यांचे रंग उडाल्यासारखे दिसतात; टीएनइतके नव्हे, पण रंगाचे बारीक काम करणाऱ्याला खटकतील इतपत. दुसरी अशी की गडद छटांमध्ये रेणू सावकाश वळतात. त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात वेगाने सरकणाऱ्या वस्तूमागे काळसर शेपूट ओढल्यासारखे दिसते. अलीकडील चांगल्या व्हीए पॅनेलांत हे पुष्कळ कमी झाले आहे, पण स्वस्त पॅनेलांत अजूनही आढळते.

आयपीएस : चहूकडून सारखा

आयपीएस म्हणजे ‘इन-प्लेन स्विचिंग’. हिताची कंपनीने १९९६ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. यात रेणू उभे राहत नाहीत. दाराची कडी आडवीच्या आडवी फिरावी तसे ते काचेला समांतर राहूनच फिरतात. त्यामुळे पाहणारा बसलेला असो, उभा असो किंवा शेजारी असो, रंग फारसा ढळत नाही. नळीच्या मॉनिटरमध्ये जो गुण आपण गृहीत धरला होता, तो सपाट पडद्यावर परत आणला तो या पद्धतीने.

एकेकाळी आयपीएस मॉनिटर हा केवळ मोठ्या छपाई संस्थांचा आणि रुग्णालयांचा विषय होता. आता २२ ते २४ इंचांचा साधा आयपीएस मॉनिटर दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि टीएनशी असलेली किमतीची दरी बरीच बुजली आहे. दोष याही पद्धतीत आहेत. काळा रंग किंचित राखाडी दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत पडद्याच्या कोपऱ्यांत फिकट चमक जाणवते. परंतु उजेडाच्या खोलीत, दिवसाढवळ्या काम करणाऱ्याला ती सहसा जाणवतही नाही.

ओएलईडी : दिवाच बिंदू

या तिघांहून वेगळा चौथा प्रकार म्हणजे ओएलईडी. कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून याचा पाया घातला गेला. यात मागे दिवा नाही आणि झडपही नाही. प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो आणि काळा हवा तेथे चक्क विझतो. चपळाई, काळोख आणि पाहण्याचा कोन या तिन्ही कसोट्यांवर तो सरस आहे. मात्र किंमत अनेक पटींनी अधिक. शिवाय एकच चित्र वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले तर त्याचा डाग पडण्याचा धोका असतो. दिवसभर तोच हिशेबाचा तक्ता उघडा ठेवणाऱ्या कार्यालयाने म्हणूनच याच्या वाटेला जाऊ नये.

आकड्यांचा बाजार

खोक्यावरचे आकडे खोटे नसतात. पण ते कसे मोजले हे तेथे लिहिलेले नसते. ‘१७८ अंश पाहण्याचा कोन’ हा आकडा आयपीएसवर असतो तसा व्हीएवरही असतो. कारण कॉन्ट्रास्ट १० ला १ पर्यंत घसरेतोवर पडदा ‘दिसतो’ असे मानून बहुधा तो मोजला जातो. त्या कोनातून अक्षरे वाचता येतील, एवढाच त्याचा अर्थ. रंग शाबूत राहील, असा नव्हे. लाखो किंवा कोट्यवधींना १ असा कॉन्ट्रास्ट साध्या मॉनिटरवर लिहिलेला असेल तर तो मागचा दिवा मंद-प्रखर करून मिळवलेला असतो. ग्राहकाने ‘स्टॅटिक’ या शब्दापुढचा आकडा पाहावा. ‘१ मिलिसेकंद’ हा वेगही अनेकदा सर्वांत अनुकूल मांडणीत मोजलेला असतो.

रंगांच्या बाबतीत एक आकडा मात्र खरोखर उपयोगाचा आहे. संगणकावरील रंगांसाठी एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ‘एसआरजीबी’ हे मानक मांडले. अल्बम आणि डिजिटल छपाईचे बरेचसे काम त्याच चौकटीत चालते. खोक्यावर ‘९९ टक्के एसआरजीबी’ असे असेल तर उत्तम. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे असेल तर समजावे की हा पडदा त्या चौकटीतील साठेक टक्केच रंग दाखवू शकतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ म्हणजे ढोबळमानाने पूर्ण एसआरजीबी. आयपीएसची चिठ्ठी लावलेले, पण ४५ टक्क्यांचेच पॅनेलही बाजारात असते. म्हणून पॅनेलचे नाव विचारल्यावर हा आकडाही विचारावा.

आकार आणि बिंदू यांचे गणितही विसरू नये. १९२० गुणिले १०८० बिंदू २४ इंचांच्या पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ बसतात. तेच बिंदू २७ इंचांवर पसरले की ८२ च उरतात आणि मराठीच्या मात्रा-वेलांट्यांच्या कडा ओबडधोबड दिसू लागतात. जोडाक्षरे दिवसभर वाचणाऱ्याला, विशेषतः डीटीपीचे काम करणाऱ्याला, २७ इंच हवेच असतील तर त्याने २५६० गुणिले १४४० बिंदूंचा पडदा पाहावा.

कोणी काय घ्यावे?

छायाचित्रे, अल्बम, फ्लेक्स, पत्रिका यांचे काम करणाऱ्याने आयपीएसखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करू नये, आणि एसआरजीबीचा आकडा पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जमल्यास रंग जुळवण्याचे कॅलिब्रेटर नावाचे छोटे उपकरण चार स्टुडिओंनी मिळून घ्यावे; सहकाराच्या या भागात ती कल्पना कोणाला परकी वाटू नये.

दूध संस्था, पतसंस्था, सेवा केंद्र अशा ठिकाणी पडद्याकडे कारकून एकटा पाहत नाही. काउंटरपलीकडचा शेतकरीही मान वळवून आपला आकडा पाहत असतो. तो आकडा त्यालाही स्पष्ट दिसणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही, विश्वासाची आहे. तेथेही आयपीएस योग्य. आणि रस्त्याकडे उघडे दार असेल तर पडदा चकचकीत नव्हे, खरबरीत पृष्ठभागाचा असावा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला, घरून काम करणाऱ्याला आणि अभ्यासाच्या टेबलावरील मुलाला २४ इंचांचा आयपीएस पुरतो. अंधार करून चित्रपट पाहणे हाच मुख्य उद्देश असेल तर व्हीए अधिक आनंद देईल. वेगवान खेळ खेळणाऱ्यांसाठी पूर्वी टीएनची शिफारस होत असे. आता १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वेगवान आयपीएस पॅनेल सहज उपलब्ध असल्याने तो युक्तिवाद फारसा उरलेला नाही. एका जागी बसून एकट्यानेच आकडे भरायचे आणि पैशांची ओढ आहे, तर टीएन आजही काम भागवतो.

ज्यांच्याकडे आधीच टीएन मॉनिटर आहे, त्यांनी तो लगेच टाकून देण्याचे कारण नाही. पडद्याखाली एखादी फळी किंवा जाड पुस्तके ठेवून त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि पडदा नजरेसमोर सरळ येईल असा कलता करावा. निम्मा दोष तेथेच जातो, मानेचेही भले होते.

दुकानातील पाच मिनिटे

पॅनेलचे नाव विक्रेत्याला ठाऊक नसेल तर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावा. नावही पुरेसे नसते. आपल्या डोळ्यांनी खात्री करावी. त्यासाठी पेनड्राइव्हवर स्वतः काढलेले, परिचयाचे एक छायाचित्र न्यावे. या भागातील माणसाला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पन्हाळा तालुक्यातीलच जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेत गुलालाने न्हालेली गर्दी, तिचा तो भडक गुलाबी रंग आणि त्या रंगात माखलेले सावळे चेहरे, याहून कठोर परीक्षा पडद्याची दुसरी नसेल.

ते छायाचित्र पूर्ण पडद्यावर उघडावे. आधी समोर बसून पाहावे, मग उभे राहून, मग दोन्ही बाजूंनी. गुलाल फिका पडला, चेहरे करडे झाले तर पॅनेल काय आहे ते कळले. नंतर पडदा संपूर्ण काळा करून आणि संपूर्ण पांढरा करून एखादा बिंदू पेटलेला किंवा मेलेला तर नाही, हे पाहावे. असे किती बिंदू असल्यास कंपनी मॉनिटर बदलून देते, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. बहुतेक कंपन्या एखाद-दुसऱ्या बिंदूसाठी बदलून देत नाहीत.

मित्राच्या स्टुडिओत आता आयपीएस मॉनिटर आहे आणि तो नजरेच्या पातळीवर बसवलेला आहे. जुना टीएन शेजारीच ठेवला असून त्यावर पावत्या लिहिल्या जातात. एखादे गिऱ्हाईक अल्बमची नक्षी पाहायला आले की तो छायाचित्र दोन्ही पडद्यांवर उघडतो आणि त्यांना जागेवरून उठून उभे राहायला सांगतो. दोन पडद्यांतला फरक मग त्याला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.